आत्याचा मिटल्या डोळ्यांचा फोटो

घरांपेक्षा संत्र्यांची झाडं जास्त असलेल्या लोणखेडा गावात प्रफुल्ल गावंडे नावाचा एक भला माणूस राहत होता. भला म्हणजे खरोखरच भला. कुणाच्या घरी आजारपण आलं की दवाखान्यात हा पहिला हजर. कुणाच्या विहिरीवरची मोटर जळली की स्वतःची काढून देणारा. त्याला एकच खोड होती, पण ती प्रेमापोटी असल्यामुळे तिला खोड म्हणायला कुणाची जीभ वळत नसे. घराण्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं.

याला कारण घडलं होतं. त्याचे वडील अचानक वारले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा धड एक फोटो निघाला नाही. पेट्या उपसल्या, कपाटं झाडली. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीच्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा करून आणला. त्यात त्यांचा एक कान शेजारच्या माणसाच्या फेट्याखाली गेला होता. तेरवीला आलेली माणसं आधी फोटोला हात जोडत आणि मग हळूच विचारत, "हे तेच ना?" प्रफुल्लला ते फार लागलं. बापाला लोकांनी ओळखूही नये, यापेक्षा मुलाला वाईट काय वाटणार?

तेव्हापासून त्याच्या मनात एक भीती शिरली. कुणी काका फोनवर खोकला की हा त्याचं वय बोटांवर मोजू लागे. कुणी मामी बसता-उठता भिंतीचा आधार घेऊ लागली की याचा हात खिशातल्या फोनकडे जाई. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या घरी पोचलेला असे. पांढऱ्या भिंतीपुढे खुर्ची ठेवायची, टोपी सरळ करायची, "जरा इकडे पाहा" म्हणायचं. फोटो झाला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. म्हाताऱ्यांचा पडायचा की नाही, ते त्याने कधी विचारलं नाही.

म्हातारी माणसं काही दुधखुळी नसतात. पांढऱ्या भिंतीपुढे एकट्याने बसवलेला फोटो कशाला लागतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. काही जण हसून बसत. एका काकांनी तर मिशीला कंगवा फिरवून तीनदा काढायला लावला. पण काही जण "नको रे" म्हणत. मग प्रफुल्ल लाडात येई. "एकच काढतो ना. काय होते त्याच्यानं?" एवढा भला माणूस इतक्या प्रेमाने म्हणतो आहे, तर त्याला किती वेळा नाही म्हणणार? ती बिचारी बसत. असं दहा वेळा झालं आणि प्रफुल्लचा समज झाला की माणसाचं पहिलं "नको" म्हणजे नुसती सुरुवात असते, जरा लावून धरलं की त्याचं "बरं" होतं.

हा समज एकाच ठिकाणी चालला नाही. ते ठिकाण म्हणजे त्याची गिरजाआत्या.

गिरजाआत्या ही त्याच्या वडिलांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. लोणखेड्यापासून चौदा किलोमीटरवर धानोरीत ती एकटी राहायची. नवरा गेल्यावर तिने शेती स्वतः केली. एकुलती एक मुलगी निर्मला, ती नागपूरला दिलेली. प्रफुल्ल लहान असताना त्याची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हीच आत्या येऊन राहिली होती. त्याच्या शाळेचा डबा तिने भरला होता, डोक्यातल्या उवा तिने काढल्या होत्या. त्यामुळे तिच्यावर त्याचा जीव होता, आणि म्हणूनच तिच्या फोटोची त्याला सगळ्यांत जास्त काळजी होती.

आत्या दर वर्षी गणपतीतल्या महालक्ष्म्यांच्या जेवणाला माहेरी यायची. त्या दिवशीची आंबील तिच्याच हातची व्हायची. जेवणं आटोपली की ती स्वयंपाकघराच्या दारात ऐसपैस बसून गोष्टी सांगायची, आणि त्या गोष्टी नुसत्या कानांनी ऐकण्याच्या नव्हत्याच. गावचा कंजूष सावकार आला की तिचं नाक बारीक व्हायचं. भांडखोर जाऊ आली की एक भुवई वर चढायची. दात नसलेल्या तोंडातून ती असा एक चेहरा काढायची की पोरं हसून लोळायची. तिच्या तोंडाकडे पाहण्यासाठी मोठी माणसंसुद्धा लहान पोरांच्या मागे गर्दी करून उभी राहायची.

पण फोटो म्हटलं की ती उठायची. लग्नात फोटोवाला समोर आला की तिला चुलीवरची भाजी आठवायची. घराण्याच्या साऱ्या फोटोंत आत्या म्हणजे कडेला दिसणारा हिरव्या लुगड्याचा काठ, एवढंच. असं का, हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे, फोटोने आयुष्य कमी होतं असं तिला वाटतं. कुणी म्हणे, दात नाहीत म्हणून लाजते. पण दात होते तेव्हाही ती काढू देत नव्हती. आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "नको म्हनलं ना," आणि दुसरा विषय काढायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात आत्याला काविळीने धरलं होतं. महालक्ष्म्यांच्या दिवशी ती ऑटोतून उतरली तेव्हा दांडी धरून उतरली, आणि दोन पावलं चालून थांबली. प्रफुल्लने ते पाहिलं. पुढच्या महालक्ष्म्यांना ही येईल ना, असा विचार आला आणि त्याने तो झटकला, पण तो पुन्हा पुन्हा येत राहिला. दुपारपर्यंत त्याला दुसरं काही सुचेना.

त्याने आत्याला बाजूला घेतलं आणि हात जोडून म्हणाला, "आत्या, या वेळी एकच. माह्यासाठी."

आत्या शांतपणे म्हणाली, "प्रफुल्ल, तू माहा फोटो नाही काढत. तू माह्या जायाची तयारी करून राहिला."

प्रफुल्लचा चेहरा पडला. त्याला एकदम शरम वाटली, कारण ते खरं होतं. "जाऊ दे आत्या," तो म्हणाला, "नाही काढत. शब्द देतो."

"मंग झालं," आत्या म्हणाली आणि आंबील ढवळायला गेली.

दिलेला शब्द दोन तासही टिकला नाही. जेवणं झाली, गोष्टी झाल्या, पाहुणे आडवे झाले. आत्या मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. भिंत नुकतीच चुन्याने पोतलेली, पांढरीशुभ्र. खिडकीतून उजेड बरोबर तिच्या तोंडावर पडला होता. प्रफुल्ल पाणी प्यायला उठला आणि दारातच थबकला. असा उजेड, अशी भिंत, आणि आत्या उठून जात नाही! परत असा योग कधी येणार? येणार तरी का?

त्याने फोन काढला. आधी त्याचा आवाज बंद केला. हे आपण चुकीचं करतो आहोत, हे त्याला त्या क्षणी पुरतं ठाऊक होतं. चांगलं काम करताना कुणी आवाज बंद करत नाही. त्याने तीन फोटो काढले, फोन खिशात टाकला आणि पाणी न पिताच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आत्या ऑटोने धानोरीला गेली. जाताना तिने प्रफुल्लच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्याला तिच्याकडे नीट पाहता आलं नाही.

पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. तासाभरात प्रफुल्लची शरम ओसरली आणि फोटोचं कौतुक वर आलं. फोटो खरंच देखणा होता. त्याने तो काळापांढरा करून पाहिला. सुरकुत्या उठून दिसू लागल्या. आत्या एखाद्या देवळातल्या मूर्तीसारखी शांत दिसत होती. एवढा चांगला फोटो एकट्याने किती पाहायचा? आत्याजवळ फोन नाही, म्हणजे तिला कळायचाही प्रश्न नाही. घराण्यातल्या माणसांचा फोनवर एक ग्रुप होता, ‘गावंडे परिवार’ नावाचा. अकरा वाजता त्याने फोटो तिथे टाकला. खाली लिहिलं, "आमची गिरजाआत्या." आणि पुढे भक्तिभावाने जोडलेल्या दोन हातांचं चित्र टाकलं.

मग फोन चौकातल्या किराणा दुकानात चार्जिंगला लावून तो बागेत फवारणीला निघून गेला.

आता तुम्हीच सांगा. म्हाताऱ्या बाईचा एकटीचा फोटो, तोही काळापांढरा. डोळे मिटलेले. खाली फक्त नाव आणि जोडलेले हात. आपल्याकडे फोनवर असा फोटो आला की माणूस काय समजतो?

पुण्याच्या चुलतभावाने लिहिलं, "अरेरे!" अमरावतीच्या मामीने लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." तिसऱ्याने लिहिलं, "एक पर्व संपलं." चौथ्याने विचारलं, "अंत्यविधी किती वाजता?" कुणीच उत्तर देईना, तेव्हा एका उत्साही माणसाने आपल्या मनानेच लिहून टाकलं, "बहुतेक पाच." त्यातला "बहुतेक" पुढच्याने गाळला. अर्ध्या तासात सगळ्या घराण्याला कळलं की गिरजाबाईंचा अंत्यविधी धानोरीला पाच वाजता आहे. बातमी खरी की खोटी, हे एकानेही विचारलं नाही. प्रफुल्लने टाकलं आहे म्हणजे खरंच असणार. तो काय खोटं टाकेल?

तीन वाजता प्रफुल्ल बागेतून घरी आला तेव्हा त्याची बायको माधुरी दारातच डोळे पुसत उभी होती. दुकानातून त्याचा फोन तिने घरी आणून ठेवला होता.

"आत्याबाई गेल्या म्हणतात," ती म्हणाली.

प्रफुल्लला काही कळेना. "कोण म्हणते?"

"सगळेच म्हणतात. निर्मलाताईंचे किती फोन येऊन गेले. मी एक उचलला, तर त्या नुसत्या रडत होत्या. निघाल्या आहेत म्हणे."

त्याने फोन पाहिला. श्रद्धांजली, श्रद्धांजली, ओम शांती, श्रद्धांजली. बोटाने वर वर सरकवत तो गेला आणि सगळ्यांत वर त्याला त्यानेच टाकलेला आत्याचा फोटो दिसला. तेव्हा त्याला निम्मं कळलं. हे सगळं आपल्यामुळे तर नाही ना झालं? पण निम्मंच कळलं, आणि उरलेल्या निम्म्याने त्याला घाम फुटला. सकाळी आत्या खरंच अशक्त होती. ऑटोत बसताना तिला धाप लागली होती. ती घरी पोचल्यावर काही झालं असलं तर? कुणी कळवलं असलं आणि मग लोकांनी लिहिलं असलं तर? मधले चाळीस-पन्नास निरोप वाचून नक्की काय ते समजेना. त्याने घाईघाईने ग्रुपवर लिहिलं, "थांबा, मी पाहून सांगतो." त्या वाक्याने तर गोंधळ आणखीच वाढला. निर्मलाला फोन लावला तर तिचा लागेना. आत्याच्या शेजाऱ्याला लावला. तो बंद. पुन्हा लावला. बंद.

त्याने मोटरसायकल काढली. चौदा किलोमीटर. रस्ता पाठ होता, पण त्या दिवशी तो संपता संपेना. ती म्हणाली होती, तू माह्या जायाची तयारी करून राहिला. आणि आपण शब्द देऊनही काढला. आपल्या हाताने काढला, आपल्या हाताने टाकला. फोटोने माणूस मरत नाही, हे तो शिकलेला माणूस स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता आणि तरी गाडीचा वेग वाढवत होता. देवा, ती असू दे, तो म्हणत होता. तिने मला जोड्याने मारू दे, पण ती असू दे.

धानोरीच्या फाट्यावर चहाच्या टपरीवाल्याने त्याला ओळखलं. "गावंडे ना तुम्ही? जा, जा लवकर. आत्याच्या घरी लोकं जमून राहिले."

लोक जमत आहेत. प्रफुल्लच्या हातातली मोटरसायकल वळणावर डळमळली. पुढचा रस्ता त्याने कसा कापला, हे त्याला नंतर आठवलं नाही.

आत्याच्या अंगणात एक टेम्पो उभा होता. त्याचा चुलतभाऊ श्रीराम खाली मान घालून ओट्यावर बसला होता. बायका भिंतीकडेला बसल्या होत्या, तोंडं पदराआड. एका पिशवीतून झेंडूचा मोठा हार अर्धा बाहेर आला होता. तो फाटकाचा खांब धरून उभा राहिला.

तेवढ्यात घरातून गिरजाआत्या बाहेर आली.

चालत आली. आपल्या पायांनी. केस सुटलेले, डोळे लाल. ती सरळ त्याच्याकडे आली आणि दोन्ही मुठींनी तिने त्याचा सदरा धरला.

"तू तरी सांग बाप्पा," ती म्हणाली. "माही निर्मला कशी हाये?"

झालं होतं ते असं. श्रीराम आणि त्याच्या घरची माणसं तासाभरापूर्वी येऊन पोचली होती. आत्या अंगणात बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा निवडत बसली होती. तिला पाहून सगळ्यांची वाचा बसली. जिवंत माणसाला कसं सांगायचं, की आम्ही तुला पोचवायला आलो आहोत? श्रीरामने हार पाठीमागे लपवला, पण आत्याने तो पाहिला. रडून आलेल्या बायकांचे डोळे पाहिले. तिने विचारलं, "कोन गेलं?" कुणी बोलेना. "प्रफुल्ल येऊ द्या, तो सांगन," एवढंच श्रीराम म्हणाला. धानोरीत त्या दुपारी फोनला रेंजच नव्हती, त्यामुळे कुणाला कळवताही येत नव्हतं. माणसं हार घेऊन दारात येतात, रडतात, आणि नाव सांगत नाहीत. आईच्या मनात मग कुणाचं नाव येणार? तिला एकच तर मुलगी होती.

एक तास ती घरातल्या देवापुढे बसून होती. प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होती आणि प्रत्येक जण तोंड फिरवत होता. तो तास तिने कसा काढला असेल, याचा विचार मला आजही नको वाटतो.

"आत्या," प्रफुल्ल म्हणाला. "निर्मला चांगली आहे. तिले काही नाही झालं. कोणालेच काही नाही झालं."

"मंग हे काय?" आत्याने हाराकडे बोट दाखवलं.

खोटं बोलायला जागा होती. कुणीतरी चुकून लिहिलं म्हणता आलं असतं, अफवा उठली म्हणता आलं असतं, आणि आत्याजवळ फोन नसल्यामुळे तिला ते खरंही वाटलं असतं. पण प्रफुल्लने सगळं सांगितलं. डोळा लागला होता तेव्हा फोटो काढला. आवाज बंद करून काढला. सगळ्यांना पाठवला. लोक समजले की तू गेली.

आत्याने त्याचा सदरा सोडला आणि ती ओट्याच्या पायरीवर बसली. तिने पहिल्यांदा एवढंच विचारलं, "म्हनजे माही पोरगी चांगली हाये?"

"हो, आत्या."

"शप्पत?"

"तुही शप्पत."

मग आत्याने पदरात तोंड घातलं आणि ती रडली. मोठ्याने, हमसून हमसून रडली. काविळीत ती रडली नव्हती, नवरा गेला तेव्हाही चारचौघांत रडली नव्हती.

पाचच्या सुमारास निर्मलाची गाडी आली. ती दारातूनच हंबरडा फोडत उतरली आणि पायरीवर बसलेल्या आईला पाहून जागच्या जागी थिजली. मग धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. कोण कुणाची समजूत घालत होतं, हे पाहणाऱ्यांनाही कळेना. आत्या मुलीच्या तोंडावरून, हातांवरून, केसांवरून हात फिरवत राहिली, सगळं जागेवर आहे ना हे पाहत असल्यासारखी.

सगळं थोडं शांत झाल्यावर प्रफुल्ल पुढे आला. त्याने फोन काढून आत्यासमोर धरला आणि तिन्ही फोटो पुसायला बोट उचललं. निर्मलाने त्याचा हात धरला. वाटभर ती तोच फोटो पाहत आली होती.

"आई," ती म्हणाली, "पण फोटो किती छान आला आहे गं! माझ्याजवळ तुझा एकही नाही. एवढा राहू दे ना."

आत्याने फोनकडे पाहिलं नाही.

"चांगला आला असन," ती म्हणाली. "पण मले इचारून नाही आला."

निर्मलाने हात काढून घेतला. थोड्या वेळाने तिने आपल्या फोनमधला फोटोही स्वतःच पुसला. पुसताना तिचे डोळे पुन्हा भरले.

प्रफुल्लला मात्र राहवलं नाही. "आत्या, पण तू नको काहून म्हणतं? एकदा कारण सांगतलं असतं, तं मी असं केलंच नसतं."

"कारण तुले पटलं असतं तं थांबला असता," आत्या म्हणाली. "नसतं पटलं तं काढला असता. म्हनजे माह्या नुसत्या 'नको'ले तुह्याजवळ काही किंमत नाही ना?"

श्रीरामने हार उचलला आणि गुपचूप टेम्पोत नेऊन ठेवला.

त्यानंतरचे आठ दिवस प्रफुल्लने एकेका नातेवाइकाला फोन करण्यात घालवले. आत्याचा फोटो पुसून टाका, अशी विनंती तो करत होता. काहींनी लगेच पुसला. पण बरेच जण म्हणाले, "राहू दे ना रे, इतका छान आहे. काय होते त्याच्यानं?" प्रफुल्ल म्हणायचा, नको, पुसाच. ते विचारायचे, काहून पण? यावर सांगायला प्रफुल्लजवळ काहीच नव्हतं, कारण त्यालाही ते माहीत नव्हतं. "तिले नको आहे," एवढंच तो म्हणायचा. समोरचा हसायचा, "बरं पाहतो" म्हणायचा. पुसला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. आपलं म्हणणं असं हसून बाजूला सारलं की जिवाला कसं होतं, हे तो त्या आठ दिवसांत शिकला. अजूनही कुणाकुणाच्या फोनमध्ये तो फोटो असेल.

आत्या त्या वर्षी पुन्हा लोणखेड्याला आली नाही. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. प्रफुल्ल धानोरीला जायचा, बागेतली संत्री द्यायचा, दवाखान्याचं विचारायचा. आत्या त्याला चहा करून द्यायची, बस म्हणायची, बोलायची. रागाचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. त्यामुळे तिने माफ केलं की नाही, हे त्याला कळेना, आणि विचारायचा धीर होईना.

पुढच्या महालक्ष्म्या आल्या. प्रफुल्ल सकाळपासून फाटकापाशी उभा होता. येईल का? नाही आली तर आंबील कोण करणार, असं तो माधुरीला म्हणत होता, पण आंबिलीसाठी त्याचा जीव खालीवर होत नव्हता. दहा वाजता ऑटो थांबला. आत्या उतरली. मागच्या वर्षीपेक्षा ठणठणीत दिसत होती. प्रफुल्लला हायसं वाटलं. त्याने घरातले सगळे फोन गोळा करून कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं आणि किल्ली देवापाशी ठेवली होती. हे त्याने आत्याला लगेच सांगितलंही. आत्या हसली. "बरं केलं," म्हणाली.

आंबील झाली. जेवणं झाली. आत्या नेहमीच्या जागी दारात बसली, पोरं भोवती जमली आणि गोष्ट सुरू झाली. कंजूष सावकार आला, नाक बारीक झालं. भांडखोर जाऊ आली, भुवई वर चढली. पोरं हसू लागली. प्रफुल्ल सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता आणि वर्षभरात पहिल्यांदाच मोकळेपणाने हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्याने रुमालासाठी खिशात हात घातला.

आत्याने बोलता बोलता पदर पुढे ओढला आणि तोंडावर घेतला.

तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. आपण केलं, हे तिला कळलंही नसावं, कारण गोष्ट तशीच पुढे चालू होती. सावकार बोलत होता, जाऊ भांडत होती, पण पोरांना आता नुसता आवाज येत होता. एक छोटी मुलगी म्हणाली, "आजी, तोंड दाखव ना!" प्रफुल्लने रिकामा हात खिशातून बाहेर काढला. सगळ्यांना दिसेल असा तो पुढे धरला आणि तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळाने पदर थोडा खाली आला, पण पूर्ण आला नाही.

तेव्हापासून प्रफुल्ल आत्यासमोर खिशात हात घालत नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाचा फोटो काढावासा वाटला तर आधी त्याला विचारावं, आणि तो "नको" म्हणाला तर कारण न मागता तिथेच थांबावं; प्रेम आपलं असलं, तरी चेहरा त्याचा असतो.